श्वासनलिकेचा कर्करोग: आधी शस्त्रक्रिया की आधी रेडिएशन?

श्वासनलिकेतच सुरू होणारा कर्करोग इतका विरळ आहे की अनेक रुग्णांवर आधी दमा समजून उपचार होतात, आणि छातीचा एक्स-रेही पुष्कळदा निर्दोष दिसतो. सीटी स्कॅन आणि बायोप्सीनंतर निदान झाले की घरच्यांना लगेच निर्णय घ्यावा लागतो.

प्रौढ माणसाची श्वासनलिका जेमतेम १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. गाठीचा भाग कापून उरलेली टोके जोडण्याचे तंत्र बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन हर्मीस ग्रिलो यांनी विकसित केले. साधारणपणे निम्म्या लांबीपर्यंतचा भाग काढता येतो. त्याहून अधिक काढल्यास जोडावर ताण येऊन तो उसवण्याचा धोका वाढतो. हा ताण पडू नये म्हणून पुष्कळदा हनुवटी व छाती यांच्यामध्ये टाका घालून मान सुमारे आठवडाभर झुकलेली ठेवतात. ते दिवस रुग्णाला फार जड जातात; मात्र गाठ पूर्ण निघाली तर दीर्घायुष्याची सर्वाधिक आशा याच मार्गात आहे.

रेडिएशनमध्ये चिरफाड नसते, पण सहा-सात आठवडे जवळजवळ रोज जावे लागते आणि अन्ननलिका सुजून गिळताना दुखते. गाठ फार लांबवर पसरली असेल किंवा प्रकृती शस्त्रक्रिया सोसणारी नसेल, तर हाच मुख्य उपचार ठरतो. या कर्करोगाच्या धूम्रपानाशी निगडित, झपाट्याने वाढणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात त्याच्या जोडीला केमो देतात. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक प्रकार संथ असतो, पण मज्जातंतूंच्या कडेने पसरतो आणि दहा वर्षांनंतरही उलटू शकतो. त्यावर केमोचा फारसा उपयोग होत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न क्रमाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन देता येते, किंबहुना पुष्कळदा दिलेच जाते. उलट पूर्ण मात्रेचे रेडिएशन आधी झाले, तर श्वासनलिकेचा रक्तपुरवठा घटतो आणि नंतर घातलेला जोड भरून येणे अवघड होते. म्हणून रेडिएशन सुरू करण्यापूर्वी, श्वासनलिकेच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनचे मत अवश्य घ्यावे.

श्वास कोंडत असेल तर थांबायचे कसे, ही भीती रास्त आहे. अशा वेळी कडक नळीच्या ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून, गाठीचा आतला भाग खरवडून वाट मोकळी करता येते व विचाराला थोडा अवधी मिळतो. मात्र शस्त्रक्रियेची शक्यता शिल्लक असताना वाट उघडी ठेवणारा धातूचा जाळीदार स्टेंट (नळी) बसवू देऊ नये, कारण त्याच्या घर्षणाने जोडासाठी लागणारा निरोगी भागच खराब होतो.