कबरीपाशी वाचायला काय न्यावं: कागदी पुस्तक, ई-रीडर की ऑडिओबुक?

फुलं ठेवून झाली, मेणबत्ती वाऱ्याने विझून परत लावून झाली, प्रार्थना झाली, की पुढचा तासभर तिथे बसून करायचं काय हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वाचत बसतो. आणि तेही सायन्स फिक्शन, कारण आमच्या पप्पांना तेच आवडायचं, खडकीहून ड्युटी करून आले की चहाचा कप आणि विज्ञानकथा, मग जेवायला तीन हाका मारल्याशिवाय उठायचे नाहीत. कबरीवर असलं वाचावं का या वादात मी पडत नाही, ज्यांना पटत नाही त्यांनी बायबलातली स्तोत्रसंहिता न्यावी, तीही वाचायला सुंदरच आहे. इथे मुद्दा एवढाच की कादंबरी न्यायचं ठरलंच असेल तर ती कागदी न्यावी, किंडलसारख्या ई-रीडरवर न्यावी की कानात घालून न्यावी. मी तिन्ही करून पाहिलंय. फोनवर वाचणं मी धरतच नाही, उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं हा वडिलांच्या कबरीवर बसून व्हॉट्सॲप करतोय.

कागदी पुस्तकाबद्दल आधी, कारण भावनेचा कौल तिकडेच जातो. त्यातही दोन प्रकार, वडिलांची स्वतःची प्रत आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली नवी. पप्पांच्या प्रतींमध्ये पेन्सिलीने शेरे आहेत. एका कादंबरीत यान गुरू ग्रहापर्यंत जाऊन परत येतं तिथे समासात त्यांनी लिहिलंय "इंधन कुठे भरलं?" आणि खाली छोटा भागाकार केलाय. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, त्याला यान उडालेलं चालायचं पण हिशोब न लागलेला चालायचा नाही. जयंत नारळीकरांबद्दल त्यांना भारी आदर होता, मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेऊन कथा पाठवली आणि ती पहिली आली, हा किस्सा पप्पा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आद्याक्षरं उलटी करून ज.वि.ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, कसं होतं ते बोटाने हवेत लिहून दाखवायचे. तर अशी प्रत तिथे घेऊन जावीशी वाटणारच. पण नेऊ नका. जुना स्वस्त कागद, तपकिरी पडलेला, पाठीचा गोंद वाळलेला, पुस्तक पूर्ण उघडलं की कणा कडकन वाजतो आणि वाऱ्याच्या एका झुळुकीत पान मोकळं होऊन चार कबरी पलीकडे जातं.

नवी प्रत मात्र बाहेर वाचायला खरंच चांगली. ऊन असो सावली असो अक्षर दिसतं, चार्जिंग नाही, झाडाची काडी खूण म्हणून घालता येते, पक्ष्याने घाण केली तर पुसून टाकायची. माझा पहिला कल तिकडेच होता आणि अजूनही मी कोणाला कागदी घेऊ नका असं तोंडावर म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट, आणि माझ्यासाठी सगळं तिथेच फिरलं.

मुखपृष्ठ.

आपल्याकडे विज्ञान कादंबरीच्या मुखपृष्ठावर काय असतं तुम्हाला माहितीये. जांभळं आकाश, एक तबकडी, हिरवट डोळ्यांचं काहीतरी, नाहीतर अर्धा चेहरा माणसाचा आणि अर्धा तारांचा. ते पुस्तक हातात धरून तुम्ही क्रॉसशेजारी बसलेले असता. शेजारच्या कबरीवर येणाऱ्या एक मावशी आहेत, नवऱ्यासाठी दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर येतात, अतिशय प्रेमळ बाई. लांबून त्यांना वाटलं मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतोय. जवळ येऊन म्हणाल्या, "कुठला अध्याय रे बाळा?" मी काही बोलायच्या आत त्यांनी पुस्तक उलटं करून बघितलं.

"अगंबाई. हे काय?"

मग मला गोष्ट सांगावी लागली. की एक माणूस मेलाय आणि त्याच्या सगळ्या आठवणी मशीनमध्ये भरून ठेवल्यात आणि त्याची मुलगी त्या मशीनशी बोलते. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण देह कुठाय? देहाशिवाय पुनरुत्थान कसलं?" प्रश्न बिनतोड होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि लेखकाकडेही नव्हतं हे पुढे शेवटच्या प्रकरणात कळलं. पण तोवर ऊन चढलं होतं आणि वाचन झालं होतं दीड पान.

एकदा झालं असतं तर मजा म्हणून सोडून दिलं असतं. पण ते मुखपृष्ठ दिसलं की माणूस थांबतोच. माळीकाका थांबतात, कोणाचा तरी नातू थांबतो, एक अंकल थांबून नासा आणि इस्रोची तुलना करतात. ब्राऊन पेपरचं कव्हर घालून बघितलं तर ते त्याहून वाईट, कारण तेव्हा लोक विचारतात की असं काय वाचतोयस जे झाकून ठेवलंय. पुणेकराला झाकलेलं पुस्तक दाखवणं म्हणजे आमंत्रणच.

ऑडिओबुक. याचं कौतुक आधी करतो, कारण हात मोकळे राहतात आणि कबरीवर हाताला कामं असतात. पावसाळा संपल्यावर गेलात तर गवत गुडघ्याएवढं, फरशीच्या सांध्यांत शेवाळ, नावाच्या कोरीव अक्षरांत माती, ते जुन्या टूथब्रशने काढत बसायचं. तेव्हा कानात कोणीतरी गोष्ट सांगत असेल तर काम हलकं होतं. पण सायन्स फिक्शनला ते मला तरी मानवलं नाही. ग्रहांची नावं, वंशांची नावं, मध्येच दोनशे वर्षं मागे, मग परत पुढे, कागदावर आपण चार पानं उलटून बघतो, इथे पंधरा-पंधरा सेकंद मागे जात बसायचं आणि तेही मातीच्या बोटांनी. शिवाय रस्त्याची गाडीघोडी ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवावा लागतो, मग मागून कोणी हाक मारली तर कळत नाही, आणि इयरफोन दिसले की लोक धरून चालतात की हा गाणी ऐकतोय. निबंध, आत्मचरित्र असलं काही असेल तर ऑडिओ जरूर घ्या.

आता ई-रीडर. घेताना माझ्या मनात फार काही नव्हतं, आणि त्याचे दोषही आहेत, ते लपवत नाही. जुन्या मराठी विज्ञान कादंबऱ्या त्यावर सगळ्या मिळत नाहीत, स्कॅन केलेली पीडीएफ टाकली तर अक्षर मुंगीएवढं दिसतं. झाडावरून दवाचा थेंब स्क्रीनवर पडला की त्याला ते बोट वाटतं आणि पान पुढे जातं, कधी दोन पानं. आणि पेन्सिलीने शेरा मारता येत नाही, हायलाइट करता येतं पण हायलाइटमध्ये भागाकार करता येत नाही. याउलट उन्हात ते कागदासारखंच वाचता येतं कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरचाच उजेड परतवते, आणि पान बदलतानाच काय ती बॅटरी खर्च होते, म्हणून आठवडे चालते.

पण हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. खरी गोष्ट ही की मी त्याला काळं रेक्झिनचं फ्लिप कव्हर घेतलं, आणि काळ्या कव्हरचं काहीतरी उघडून कबरीपाशी मान खाली घालून बसलेला माणूस म्हणजे आपल्या लोकांच्या दृष्टीने एकच गोष्ट करत असतो. कोणी थांबत नाही. माळीकाका लांबून वळसा घालून जातात. मावशी क्रूसाची खूण करतात, हसतात आणि आपल्या कबरीकडे जातात. मी आत कुठल्यातरी दूरच्या ताऱ्याच्या कक्षेत असतो. यात थोडी लबाडी आहे हे मान्य, पण मी कोणाला काही सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही.

आणि शांतता मिळाली की तिथे असलं वाचण्याची खरी गंमत कळते. प्रकाशाच्या साधारण ८७ टक्के वेगाने यान गेलं की यानातलं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची दोन, हे शाळेपासून माहीत असतं, पण बाप परत येतो तेव्हा मुलगा त्याच्याहून म्हातारा झालेला असतो हे प्रकरण तुम्ही त्या दगडाशेजारी वाचा, ज्यावर लिहिलेल्या वयाला तुम्ही आता जवळजवळ पोचलाय. ते वाचताना कोणी नासा-इस्रो काढू नये एवढंच माझं म्हणणं.

तर आईवडिलांची आवडती कादंबरी फक्त कागदावरच मिळत असेल तर अर्थात कागदीच न्या, त्याला पर्याय नाही, पण त्यांची जुनी प्रत नको, नवी घ्या आणि जमलं तर त्यांचे शेरे त्यात उतरवून घ्या. साफसफाईचाच दिवस असेल तर ऑडिओ. बाकी वेळेला, म्हणजे मला विचाराल तर, ई-रीडर, आणि कव्हर काळंच घ्या, निळं घेतलं तर लोक विचारतात कितीला पडला.

दिवाळी अंक राहिला. दिवाळी आणि २ नोव्हेंबर, म्हणजे ऑल सोल्स डे, आमचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, बहुतेक वर्षी आसपासच येतात, त्यामुळे अंकातली एखादी विज्ञानकथा तिथे वाचावी असं डोक्यात येतंच. अंक आकाराने मोठा, वाऱ्यात फडफडतो, आणि मधली दागिन्यांच्या जाहिरातींची चकचकीत पानं उन्हात डोळ्यावर येतात, तेव्हा घरीच वाचा. तसंही २ नोव्हेंबरला यातलं काहीच नेऊ नका, त्या दिवशी अख्खं गाव तिथे असतं, फादर पवित्र पाणी शिंपडत येतात, ते कागदालाही लागतं आणि स्क्रीनलाही, आणि तुम्हाला बसायला जागाच मिळणार नाही. नंतरच्या आठवड्यात एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास जा, ओडोमास लावून.