पावतीवरचा नंबर

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तिसऱ्या वर्षी निदान झालं तेव्हा तो एकही शब्द बोलत नव्हता. आम्ही नाशिकला राहतो. बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) सुरू करा म्हणून चिठ्ठी दिली आणि तिथून पुढच्या सात महिन्यांत आमचे १,०८,००० रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच. पण जास्त चीड स्वतःची येते, कारण मी नोकरी करते ती बँकेत, कर्जाची कागदपत्रं तपासायची.

सेंटर चकाचक होतं. भिंतीवर ससे, छताला झोपाळा, कोपऱ्यात भलामोठा चेंडू. मालक स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचे. त्यांनी मुलाकडे जेमतेम दहा मिनिटं पाहिलं, उरलेला तासभर आमच्याशी बोलत होते. "ताई, पाच वर्षांपर्यंतच मेंदू घेतो. नंतर मला दोष देऊ नका." मग मोबाइलवर एका मुलाचा व्हिडिओ दाखवला: आधी गप्प, मग चक्क कविता म्हणतोय. "सहा महिन्यांत वाक्यं बोलेल, गॅरंटी." लवकर सुरुवात केलेली चांगली, हे खरंच आहे. पण पाचव्या वाढदिवसाला शिकणं थांबत नाही, आणि ऑटिझममध्ये बोलण्याची गॅरंटी कुणालाच देता येत नाही. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी एफडी मोडली.

वर्षाचं पॅकेज एकरकमी भरलं तर सूट, म्हणून ९६,०००. वर डोक्याला टोपी लावून 'ब्रेन मॅपिंग', त्याचे ४,५००. बाकीचे एका पावडरचे, जी त्याने एकदाही गिळली नाही.

आठवड्यातून तीन सेशन. पालकांनी बाहेर बसायचं. "आई दिसली की मूल कामच करत नाही." दाराला काच नव्हती. आतून कधी रडणं ऐकू यायचं, बहुतेकदा मोबाइलवरची बडबडगीतं. मी बाकावर बसून स्वतःला समजावायची की हीसुद्धा थेरपीच असेल. वहीत प्रत्येक सेशनच्या दोन ओळी लिहून मिळायच्या, नजर देतो, सूचना ऐकतो वगैरे. सासूबाई रोज विचारायच्या, आज काय लिहिलंय ग?

त्या वहीनेच पितळ उघडं पाडलं. पावसाळ्यात तो तापाने दोन आठवडे घरी होता, वही सेंटरवरच राहिली होती. परत गेलो तेव्हा मी ती चाळली. त्या दोन आठवड्यांतल्या सहाच्या सहा सेशनच्या नोंदी हजर! एका तारखेला लिहिलेलं, 'पाणी' दोनदा म्हणाला. त्या दिवशी तो दवाखान्यात होता, हाताला सलाइन. पाणी म्हणाला असता तर मी तिथेच नाचले असते हो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "चुकून दुसऱ्या मुलाचं लिहिलं गेलं असेल, मॅडम."

त्या रात्री मी निरामयच्या क्लेमसाठी ठेवलेल्या पावत्या काढल्या. (ही नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत. घेतली नसेल तर घ्या.) पावतीवर थेरपिस्टच्या नावाखाली आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर छापलेला होता. सात महिने तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पहिल्यांदाच तो आरसीआयच्या साइटवर टाकला. नाव भलत्याच बाईंचं निघालं, आणि त्यासुद्धा स्पेशल एज्युकेटर (विशेष मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका), स्पीच थेरपिस्ट नव्हेत.

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद या परिषदेच्या रजिस्टरमध्ये असावी लागते, आणि ते रजिस्टर घरबसल्या बघता येतं. नुसता नंबर आहे ना, एवढं पाहू नका. नाव कुणाचं आणि पदवी कसली, तेही जुळवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टांची महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे, त्यांचा नंबर तिथला मागा. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला १९९२ च्या आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. दंड किती, तर हजार रुपयांपर्यंत. आमच्या एका सेशनलाच सहाशेच्या वर पडत होते.

मालकांना जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे. फॉर्मवर सही तुमचीच आहे." होतीच. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग वकिलाची नोटीस पाठवली. ३०,००० चा चेक आला. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, हे वकिलांनी सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. पहिला पुरावा म्हणून ती वही लावलीय. रागाच्या भरात मी ती फाडणार होते, नवऱ्याने हातातून काढून घेतली. पावत्या, मेसेज, वह्या, काही टाकू नका.

आता आम्ही सिव्हिल हॉस्पिटलमधल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जातो. बऱ्याच जिल्ह्यांत अशी केंद्रं आहेत, तपासणी आणि थेरपी मोफत. गर्दी असते, तारखा लांबच्या मिळतात, पंखा आवाज करतो. पण तिथल्या थेरपिस्ट ताई मला शेजारी बसवतात, आठवड्याभरात घरी काय करायचं ते माझ्याकडून करून घेतात. बोलेल का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण मागायला शिकेल." गेल्या महिन्यापासून तो माठाचं चित्र असलेलं कार्ड आणून माझ्या हातात देतो. सासूबाई लगेच पेला घेऊन उठतात.

परवा जुन्या सेंटरच्या नंबरवरून मेसेज आला. नवी शाखा उघडतेय. पहिल्या वीस मुलांना ब्रेन मॅपिंग मोफत.