उंदराच्या सीडी४ साठी आरएम४-५ की आरएम४-४?

उंदराच्या प्लीहेतील किंवा लसिका ग्रंथींतील सीडी४ टी-पेशी (पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन असलेल्या प्रतिकारपेशी) फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींना चमकणारी प्रतिपिंडे जोडून त्या एकेक तपासण्याच्या तंत्राने, मोजायच्या असतील, तर आरएम४-५ हा सीडी४ ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचा क्लोन (विशिष्ट वाण) सर्रास वापरला जातो आणि ते योग्यही आहे. त्याचा संकेत ठळक येतो व सीडी४ असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे गट आलेखावर स्पष्ट वेगळे दिसतात. आरएम४-४ या दुसऱ्या क्लोनचा संकेत तुलनेने फिका असल्याने रोजच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

परंतु ज्या उंदरांना जीके१.५ हे सीडी४ वरच बसणारे प्रतिपिंड टोचून सीडी४ पेशी नष्ट करायच्या असतात, त्यांच्या बाबतीत ही पसंती पूर्णपणे उलटते. जीके१.५ आणि आरएम४-५ हे दोन्ही सीडी४ वरील एकाच भागासाठी स्पर्धा करतात, त्यामुळे टोचलेल्या प्रतिपिंडाने झाकलेल्या, पण जिवंत राहिलेल्या पेशींवर आरएम४-५ ला बसायला जागाच उरत नाही. आलेख रिकामा दिसतो आणि पेशी संपल्या असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आरएम४-४ वेगळ्या जागी जोडला जातो, म्हणून अशा दडलेल्या पेशी त्याला सापडतात. मात्र त्याच्या फिकेपणावर उपाय म्हणून त्याला पीईसारखे तेजस्वी रंगद्रव्य जोडलेले घ्यावे. सोबत सीडी३ (सर्व टी-पेशींवरील प्रथिन) आणि सीडी८ (टी-पेशींच्या दुसऱ्या मुख्य गटावरील प्रथिन) हेही तपासावेत, कारण सीडी३ असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशी बहुतांशी सीडी४ पेशीच असतात आणि त्यांचे प्रमाण हा स्वतंत्र पडताळा ठरतो.