माउथगार्ड दंतवैद्याकडूनच करून घ्या

मुलाला बॉक्सिंगला घातलं की आईवडील विचारतात, सर, आधी काय घ्यायचं? मी आता बूट सांगत नाही आणि ग्लव्हजही सांगत नाही. सरावाचे ग्लव्हज क्लबात असतात, स्पर्धेत ते आयोजक देतात. पहिले पैसे मापाच्या माउथगार्डवर, म्हणजे दातांवर बसवायच्या मऊ कवचावर, खर्च करा. चिंचवडच्या एका दातांच्या दवाखान्यात आमच्या 54 किलोच्या मुलीसाठी तो करून घेतला. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती तोच घालून खेळली आणि मी प्रशिक्षक म्हणून तिच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगमधल्या तिच्या कोपऱ्यापाशी, होतो.

आधी ती दुकानातला वापरायची, गरम पाण्यात बुडवून दाताखाली चावायचा तो. दोन-तीनशे रुपयांत येतो आणि नवशिक्याला चालतोही. पण तिच्या वरच्या दातांना तो कधी धरूनच राहिला नाही. तोंड जरा उघडलं की खाली यायचा, म्हणून ती जिभेने वर दाबून ठेवायची. जीभ अशी गुंतली की श्वास नीट घेता येत नाही. पॅडवर कॉम्बिनेशन, म्हणजे सलग ठोसे, मारताना प्रत्येक ठोशाबरोबर जो ‘स्स्’ बाहेर पडायला हवा तो पडायचा नाही, आणि दुसऱ्या राउंडच्या मध्यावर जबडा सैल सुटायचा. सैल जबड्यावर हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसणं फार वाईट. ज्युनियरला हेडगार्ड असतो खरा, पण तो कपाळ आणि गाल सांभाळतो, हनुवटी आणि दात उघडेच राहतात.

दवाखान्यात पहिल्या दिवशी फक्त माप घेतलं. वरच्या जबड्याच्या आकाराच्या ट्रेमध्ये मऊ लगदा भरून तो दातांवर दाबतात आणि दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. मागच्या दाढांपर्यंत ट्रे गेल्यावर तिला ओकारीची उबळ आली. डॉक्टरांनी तिला मान पुढे झुकवून नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगितलं, मग जमलं. त्या मापात प्लास्टर ओतून दातांचा साचा बनतो. इव्हीए नावाच्या मऊ प्लास्टिकचा तक्ता तापवून साच्यावर ठेवतात, खालून हवा ओढून घेतात, आणि दातांच्या प्रत्येक फटीत तो चपखल बसतो. नंतर कडा कापून घासतात. वरच्या ओठाच्या आत मधोमध जी मांसाची पातळ पट्टी असते, तिथे खाच ठेवावी लागते. आमच्या माउथगार्डची ती खाच आधी कमी पडली होती, स्पारिंगनंतर, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीनंतर, हिरडी लाल दिसली. परत गेलो तर डॉक्टरांनी तिथल्या तिथे घासून दिली, पैसे घेतले नाहीत.

रंगांच्या तक्त्यात तिला लाल आवडला होता. लाल चालत नाही, कारण तोंडातून रक्त येतंय की नाही ते रेफरीला दिसायला हवं. आम्ही पिवळा घेतला. निळ्या कॅनव्हासवर पडला तरी लगेच दिसतो.

आता कॉर्नरबद्दल, कारण खरा फरक मला तिथे दिसला. ज्युनियरला दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट. रेफरी कडक असला तर राउंड चालू असताना कॉर्नरमधून ओरडलेलं खपवून घेत नाही, म्हणजे प्रशिक्षकाला जे सांगायचं ते त्या मिनिटातच. त्यातही शेवटच्या दहा सेकंदांना ‘सेकंड्स आउट’, म्हणजे कॉर्नरवाल्यांनी रिंगबाहेर व्हायचा पुकारा, होतो. स्टूल ठेवायचं, माउथगार्ड काढायचा, चूळ भरायला लावायची, तीन-चार खोल श्वास घेऊ द्यायचे आणि मग एकच गोष्ट सांगायची, फार तर दोन. जुना माउथगार्ड परत घालताना ती तो चावून, चाचपून जागेवर आणायची. मी बोलत असायचो आणि तिचं लक्ष तोंडात असायचं. नवा बाटलीतल्या पाण्याने धुतला, अंगठ्याने वर दाबला की टक्कन बसतो. पहिल्या बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, समोरची साउथपॉ होती, उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून खेळणारी. पहिल्या राउंडनंतर मी तिला सांगितलं, “डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर टाक आणि सरळ उजवा मार.” माउथगार्ड तोंडात असताना तिने मला ते परत म्हणून दाखवलं, आणि प्रत्येक शब्द कळला. दुसऱ्या राउंडला तिने तेच केलं. तोंड मिटलेलं, हनुवटी खाली, श्वास नाकाने. ही बाउट तिने जिंकली.

उपांत्य फेरीत ती हरली. समोरची उंच, लांब हातांची होती आणि आत शिरायला आम्हाला उशीर झाला. त्याचा माउथगार्डशी संबंध नाही. तिसऱ्या राउंडला तिला खालून वर येणारा चांगला अपरकट बसला, ओठ फुटला नाही आणि माउथगार्ड जागचा हलला नाही. त्याच रिंगणात दुसऱ्या एका मुलाचा पुन्हा पुन्हा पडत होता. दर वेळी बाउट थांबवून कॉर्नरला न्यायचं, धुवायचं, परत घालायचा. असं वारंवार झालं तर रेफरी वॉर्निंग देऊ शकतो, आणि वॉर्निंग म्हणजे गुण गेला. राउंड जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9, अशा हिशोबात तीन राउंडच्या बाउटमध्ये एक गुण फार मोठा असतो.

पालकांना एक स्पष्ट सांगतो. माउथगार्ड दात, ओठ आणि जीभ वाचवतो. मेंदूला बसणारा धक्का तो थांबवतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. डोकं दुखतंय, गरगरतंय असं पोर म्हणालं तर स्पारिंग बंद आणि डॉक्टरकडे, तोंडात कितीही महाग माउथगार्ड असो.

किंमत अठराशे रुपये पडली. दुकानातल्याच्या कितीतरी पट आहे हे मान्य, पण बॉक्सिंगच्या चांगल्या बुटांपेक्षा कमीच, आणि पुढचा एक दात तुटला तर त्याच्या उपचाराचा खर्च याहून खूप जास्त. तयार व्हायला आठवडा गेला. त्यामुळे स्पर्धेतल्या वजन मोजणीच्या आदल्या दिवशी धावाधाव करून उपयोग नाही, स्पर्धेआधी निदान दोन आठवडे तो घालून स्पारिंग व्हायला हवं. दुसरी अडचण अशी की सगळ्या दंतवैद्यांना खेळाचा माउथगार्ड माहीत असतो असं नाही. आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात झोपेत दात खाणाऱ्यांसाठी असतो तो कडक नाइटगार्ड देऊ केला होता. तो रिंगमध्ये अजिबात नको. जाताना नीट सांगा: बॉक्सिंगसाठी, वरच्या जबड्याचा, मऊ, पुढच्या दातांवर जाड. हातात आल्यावर तिथेच तपासा. न चावता तोंड उघडा, खाली पडता कामा नये. मग मोठ्याने सत्त्याहत्तरपासून उलटे आकडे म्हणायला लावा. पोराचे आकडे कळले नाहीत तर कडा अजून घासून मागा.

वाढत्या वयात दात सरकतात, तेव्हा दर हंगामाला बसतोय का बघायचं. ब्रेसेस असतील तर माप घेण्याआधीच सांगायचं, तारांसाठी जागा सोडून वेगळा करावा लागतो. धुवायचा गार पाण्याने, ठेवायचा भोकं असलेल्या डबीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिला तर वाकडा होतो आणि मग तो गरम करून सरळ होत नाही, नवाच करावा लागतो.