बार्शी लाईटची सहा तिकिटं

बार्शी लाईट या बंद झालेल्या छोट्या रेल्वेची जुनी तिकिटं कोणी विकायला काढली असतील, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेआठ हजार गेले.

आम्ही बार्शीचे. कुर्डुवाडीहून येणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली. आजोबा बार्शी लाईट रेल्वे कंपनीच्या काळात बार्शी टाउन स्टेशनवर हमाल होते. मी लहानपणी वडिलांबरोबर कुर्डुवाडीला जायचो. पुठ्ठ्याचं तिकीट वाटभर माझ्या मुठीत, घामानं ओलं झालेलं. उतरल्यावर फाटकात टीसी ते काढून घ्यायचा आणि मी दरवेळी रडायचो. ब्रॉडगेज आलं, ती गाडी गेली. तेव्हापासून तिच्या वस्तू जमवतो. एक हातकंदील मिळाला, वेळापत्रकाची दोन पानं मिळाली. तिकीट नव्हतं.

फोनवरच्या त्या विक्रेत्यानं आधी किंमत काढलीच नाही. माझ्या आठवणी विचारत राहिला. दोन दिवसांनी म्हणाला, "काका, एका वाड्यात सहा तिकिटं निघालीत. तुमच्या आजोबांच्या वेळची." फोटो पाहून गळा दाटून आला. त्याच मिनिटाला सगळी रक्कम पाठवली.

पाकीट फोडलं तर सहाही तिकिटांवर क्रमांक एकच. खऱ्या तिकिटांचे क्रमांक ओळीनं वाढत जातात, बुकिंग क्लार्कचा हिशेबच त्यावर चालायचा. वर नाव कंपनीचं, खाली भाडं '६० न. पै.'. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला आणि कंपनी सरकारनं १९५४ मध्येच घेतली होती. तारीख सपाट छापलेली. खिडकीतल्या यंत्राचा ठसा पुठ्ठ्यात दाबला जायचा, बोटाला कळायचा.

क्रमांक आणि भाडं फोटोतही दिसत होतं. वापरलेलं तिकीट फाटकात जमा होतं, हे मला तर रडून माहीत होतं. तरी एकाच घरात सहा कशी राहिली, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. प्रत्येक तिकिटाचा जवळून फोटो मागा, दोन्ही बाजूंचा. आणि वस्तू हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. त्या विक्रेत्याचा नंबर बंद आहे. पण गेल्या आठवड्यात लातूरच्या एका ओळखीच्या ताईंना दुसऱ्या नंबरवरून तेच फोटो आले. या खेपेला तिकिटं म्हणे त्यांच्या आईच्या माहेरगावी सापडली. क्रमांक तोच, ०४१७.