मणक्याचं ऑपरेशन: गणपतीनंतर झालं, आता आंबे आलेत

एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय आणि डॉक्टरांनी मायक्रोडिसेक्टमी (छोट्या छेदातून, नस दाबणारा गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन) सुचवलीय, अशांसाठी लिहितेय. माझं ऑपरेशन मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात झालं.

कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारी कळ, जिच्यामुळे डोंबिवली ते सीएसएमटी उभं राहणं अशक्य झालं होतं, ती शुद्धीवर आले तेव्हा नव्हती. पाय हलवून बघितला आणि रडूच आलं. अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून थोडा आहे. दबलेल्या नसेची वेदना लवकर जाते, बधिरपणा जायला महिने लागतात, कधी थोडा राहतोही.

कंबर? ती संध्याकाळी अजून भरून येते. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "हे ऑपरेशन पायासाठी आहे, कंबरेची हमी देत नाही." मी समाधानी आहे ती या एका वाक्यामुळे. शेजारच्या खाटेवरच्या मावशींचंही ऑपरेशन नीट झालं, पण त्या कंबर बरी होईल म्हणून आल्या होत्या आणि आजही फोनवर हळहळतात. त्यांना कुणी धड समजावलंच नाही, याचा मला फार राग येतो.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी घरी जा म्हणाले, टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेची) मंजुरी आली संध्याकाळी. जास्त वेळ बसू नका असं सांगितलेल्या पेशंटला तोवर खुर्चीवर बसवून ठेवलं!

घरी भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच भाड्याने आणून ठेवा. उठताना कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताच्या रेट्याने बसायचं. वाकणं, कंबरेला पीळ देणं, भरलेली बादली उचलणं बंद. चालणं मात्र रोज, आणि फिजिओने दिलेले पोटा-पाठीचे व्यायाम चुकवू नका. लोकलपेक्षा खड्ड्यांतली रिक्षा जास्त त्रास देते, निदान मला तरी.

घाई मात्र करू नका. बऱ्याच जणांची सायटिका, म्हणजे ही पायात जाणारी कळ, दीड-तीन महिन्यांत औषधं आणि व्यायामाने कमी होते. मीही आधी तेच करून पाहिलं होतं. पण लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर ओपीडीच्या नंबराची वाट बघू नका. त्याच क्षणी, रात्र असली तरी, केईएम किंवा सायनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.