अमळनेरमधला काकूंचा छापखाना : पुस्तिका छापून घ्यायची असेल तर

अमळनेरला दगडी दरवाजाकडून पेठेत शिरल्यावर काकूंचा छापखाना विचारा, कुणीही दाखवेल. दुकानाचं नाव लिहू नको असं काकूंनीच सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. पुढे काउंटरवर शाळेची पुस्तकं, गाइडं, वह्या. मागच्या खोलीत ऑफसेट मशीन, कटिंग मशीन आणि बाइंडिंगचं लांब टेबल. वर्षभराचं मुख्य काम लग्नपत्रिका, बिलबुकं आणि पावतीपुस्तकांचं. पुस्तक छापायला इथे फार कुणी येत नाही. यायला हवं, म्हणून हे लिहितेय.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पुस्तकं छापणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांवर मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिली आणि इथे तिच्या 300 प्रती काढून घेतल्या.

मजकूर 70 पानांच्या थोडा वर जात होता. काकूंनी पानं चाळली आणि सांगितलं, “64 मध्ये बसवा. 16 पानी चार फर्मे होतील, म्हणजे 16-16 पानांचे चार गठ्ठे. वरच्या सात-आठ पानांसाठी पाचवा फर्मा लावला तर कागद वाया जाईल आणि पैसे तुमचे जातील.” मार्जिन कुठे कमी करायचा, कुठलं चित्र अर्ध्या पानात मावेल, हेही त्यांनीच दाखवलं. गिऱ्हाइकाचं बिल कमी करणारा सल्ला आपणहून देणारे छापखानेवाले मला तरी दुसरीकडे भेटले नाहीत.

खरं कौतुक आहे ते प्रुफाचं. माझी फाइल युनिकोडमध्ये होती, त्यांच्याकडे श्रीलिपी हे वेगळ्या फॉन्टचं सॉफ्टवेअर. फॉन्ट बदलताना ‘छापणाऱ्या’मधला ऱ्या जागोजागी फुटला. ऑपरेटर मुलाचं म्हणणं होतं, लोक समजून घेतात. काकूंनी पान बाजूला सारलं. “असं चुकेल मी छापस नही.” मग ओळीखाली स्टीलची पट्टी धरून त्यांनी पान वरून खाली वाचलं, आणि पुन्हा शेवटच्या ओळीपासून वर. उलटं वाचलं की डोळा अर्थामागे पळत नाही, अक्षरावर थांबतो, असं त्या म्हणाल्या. ही सवय खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायच्या काळातली. ट्रेडल मशीन होतं तेव्हा नवऱ्याबरोबर त्या स्वतः खिळे जुळवायच्या. काका गेल्यावर छापखाना विकून टाका म्हणणारे पुष्कळ होते. त्यांनी विकला नाही.

टेस सोल या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मुद्रक बाईवरचं माझं पान त्यांनी हातातलं काम थांबवून वाचलं. टेसने 1691 च्या सुमारास वडिलांचा छापखाना हातात घेतला आणि पुढे कित्येक दशकं चालवला. जॉन डंटन नावाच्या समकालीन पुस्तकविक्रेत्याने 1705 मध्ये लिहून ठेवलंय की ही बाई स्वतः उत्तम कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारी आहे. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीत, म्हणजे छपाई-पुस्तकवाल्यांच्या संघटनेत, विधवेला नवऱ्याचा धंदा पुढे चालवता यायचा, शिकाऊ मुलंही ठेवता यायची. अशा विधवांपैकी मेरी कूपर मला सगळ्यांत जवळची. नवरा थॉमस 1743 मध्ये गेला. तिने लंडनच्या पॅटरनॉस्टर रो या रस्त्यावरचं दुकान 1761 मध्ये मरेपर्यंत चालवलं. आज आपल्या खेड्यापाड्यांतल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत ‘बा बा ब्लॅक शीप’ म्हणतात. ते गाणं ज्या जुन्या छापील बालगीत-संग्रहात सापडतं, तो 1744 च्या सुमारास तिच्याच दुकानातून विकला गेला. पण त्यावर नाव काय, तर ‘एम. कूपर’. वाचणाऱ्याला वाटावं, असेल कुणी गृहस्थ.

काकूंनी यावर विचारलं, “पण तिची उधारी कशी वसूल व्हायची?” इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही चर्चासत्रात कुणी विचारला नव्हता. मेरी कूपरसारखे विक्रेते बहुतेक वेळा पुस्तकाचे हक्क स्वतः घेत नसत. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर खपवून देत. भांडवल कमी अडकायचं, पण नाव छापलेलं असल्यामुळे मजकुरावरून काही झालं तर सरकारी माणसं आधी त्यांच्या दारात यायची. अॅन डॉड आणि एलिझाबेथ नट या दोघींना सरकारविरोधी मजकुराची वर्तमानपत्रं विकल्यावरून अटक झाली होती. याच अॅन डॉडचं नाव ‘ए. डॉड’ म्हणून कवी अलेक्झांडर पोपच्या 1728 च्या ‘डन्सियड’ या उपहासकाव्यावर आहे. हे ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे नाव जोखमीपुरतं.”

तिथून आम्ही आमच्या पुस्तिकेच्या मुद्रकाच्या ओळीवर आलो. फाइलीत तयार साच्यातली ओळ होती, काकांच्या आद्याक्षरांची. मी आग्रह धरला की या पुस्तिकेवर तरी काकूंचं पूर्ण नाव हवं. त्यांनी एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण नाव घातलं, आडनावाआधी वडिलांचं नाव ठेवायचं की काकांचं हेही स्वतः ठरवलं, आणि ऑपरेटरला सांगितलं की यापुढे साच्यातच हे ठेव. बिलबुकांवरसुद्धा. मला या कामात सगळ्यांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

आता तक्रारी. कव्हरचं लॅमिनेशन त्या बाहेरून करून घेतात आणि माझ्या काही प्रतींवर कडेला फुगे आले. तेवढ्या प्रतींची कव्हरं त्यांनी बदलून दिली, पण वेळ गेला. रंगीत चित्रं जास्त असतील तर जळगावला जाणं बरं. दर जळगावपेक्षा फार स्वस्त नाहीत. शिलाई मात्र पक्की आहे. पुस्तिका पूर्ण उघडून टेबलावर दाबली तरी पान सुटत नाही, आणि पाठीवर खळ दिसत नाही.

लग्नसराईत आणि जूनमध्ये शाळा उघडताना जाऊ नका, काकूंना बोलायलाही सवड नसते. 300 पेक्षा कमी प्रती ऑफसेटवर परवडत नाहीत, कमी हव्या असतील तर आधीच सांगा. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, चित्रं खराब होतात. पेन ड्राइव्ह न्या, सोबत मजकुराची एक छापील प्रत न्या, आणि प्रूफ वाचायला काकूंशेजारी बसायची तयारी ठेवा.